'सा'ची गुंडी

माझ्या घरात अकरा पेट्या आहेत आणि साड्या ठेवायला एकही नाही. साड्या खुर्चीवर घड्या घालून असतात, त्यामुळे कुणी आलं की बसायला खुर्ची नसते. तसं फारसं कुणी येत नाही, म्हणून चाललं आहे.

पेट्या म्हणजे बाजाच्या पेट्या. सुरुवात आमच्या ह्यांच्या पेटीपासून झाली. हे सिद्धेश्वर धरणावर कालव्याच्या खात्यात होते आणि तिथल्या कॉलनीच्या भजनात पेटी वाजवायचे. हे गेल्यावर मंडळातल्या लोकांनी ती पेटी हिंगोलीला आणून माझ्या दारात ठेवली, चहा घेतला आणि निघून गेले. पुन्हा कुणी आलं नाही. मूलबाळ आम्हाला नव्हतंच. मी तेव्हा शाळेत नोकरीला होते, दिवस पोरांवर ओरडण्यात जायचा. पेटी पलंगाखाली गेली. निवृत्त झाल्यावर एकदा झाडताना बाहेर काढली तर भात्याला उंदरांनी भोक पाडलेलं. दुरुस्तीला नांदेडला नेली, तर दुकानाच्या कोपऱ्यात दुसरी एक पेटी धूळ खात पडलेली. तिचं झाकण नव्हतं आणि पट्ट्या पिवळ्या पडल्या होत्या. मी विचारलं, हिचं काय? दुकानदार म्हणाला, बदल्यात घरातलं एखादं जुनं वाद्य द्या आणि घेऊन जा. मी ह्यांचा जुना तानपुरा दिला. नाद हा असा लागतो. माणूस एकटं असलं की जरा लवकरच लागतो.

पुढे कळत गेलं की गावोगावच्या देवळांच्या माळ्यावर अशा पेट्या पडून आहेत. मंडळं नवी चकचकीत पेटी घेतात, जुनी कुणाला नको असते. मी नरसीकडे, औंढ्याकडे, कळमनुरीकडे एसटीने जायची आणि अदलाबदल करायची. पेटी द्या, टाळांचे जोड घ्या. ही जड पेटी घ्या, ती हलकी द्या. लोक हसायचे. एका गावच्या बुवांनी तर तोंडावर विचारलं, "बाई, तुमाला वाजवता किती येतं?" मी म्हटलं, तीन भजनं आणि शाळेची प्रार्थना. ते म्हणाले, "मंग एवढ्या पेट्या काहून?" मला राग आला. दागिने घालता येतात तेवढेच घेतो का आपण?

मला वाजवता येत नसलं तरी ऐकता येतं. दोन पेट्या शेजारी ठेवून एकच सूर दाबला की एकीचा आवाज गळ्यातून येतो आणि दुसरीचा नाकातून. एखादी इतकी दमलेली असते की भाता जरा हळू मारला तर वाक्य अर्धं सोडते. हे ऐकायला दुपार पुरत नाही. पण ऐकून झाल्यावर ते कुणाला तरी सांगावंसं वाटतं, आणि तिथे माझी पंचाईत व्हायची. शेजारच्या काकूंना एकदा बोलावून ऐकवलं. त्या म्हणाल्या, "दोन्ही सारख्याच की हो," आणि गॅसवर दूध आहे म्हणून गेल्या.

पण मला सांगायचं आहे ते पेटीबद्दल नाही, पेटीच्या लांबच्या मामेबहिणीबद्दल. हिंगोलीत निजामाच्या काळी छावणी होती. तिकडच्या एका जुन्या बंगल्याचं सामान निघालं तेव्हा भंगारवाल्याच्या गाड्यावर, पंख्याच्या पात्यांखाली, मला एक सहा कोनांचं लाकडी डबडं दिसलं. दोन्ही बाजूंना जाळीची नक्षी, दोन्हींकडे दहा-दहा गुंड्या आणि मधे घड्याघड्यांचा भाता. दोन्ही हातांनी धरून ओढलं तर ते रडलं. भंगारवाला दचकला. "मॅडम, ये क्या है मेरेकू नई मालूम. लेके जाव." मी त्याला घरातला जुना कुकर आणून दिला आणि डबडं पदराखाली झाकून नेलं.

कॉन्सर्टिना हे तिचं नाव मला मोबाईलवर सापडलं. मोबाईलवरच अशा जुन्या वाद्यांच्या हौशी लोकांचा एक ग्रुप सापडला, आणि त्यातल्या पुण्याच्या एका गृहस्थांना माझी पायपेटी देऊन मी आणखी एक कॉन्सर्टिना मिळवली. ती आठ कोनांची, बारीक बारीक पुष्कळ गुंड्यांची. नंतर तिसरी आली, चौकोनी, बोजड, घसा बसलेली. तिघींना मी दिवाणावर ओळीने बसवलं. आठकोनी सभ्य होती. कुठलीही गुंडी दाबून भाता ओढा नाहीतर दाबा, सूर तोच. सहाकोनी मात्र विक्षिप्त निघाली. एकाच गुंडीवर भाता दाबला की एक सूर आणि ओढला की दुसरा. मला वाटलं बिघडली असेल.

भाऊ माझ्याकडे आले ते ह्याच सुमारास. भाऊ म्हणजे माझे भाऊ नव्हेत. वारंगा फाट्याच्या पलीकडे एक तांडा आहे, तिथले ते शेतकरी. साठी ओलांडलेली, बायको बऱ्याच वर्षांपूर्वी गेलेली, मुलगा पुण्याला. तांड्यावरच्या भजनात पेटी वाजवायचे आणि आसपासच्या मंडळांच्या पेट्या नीटही करून द्यायचे. हिंगोलीत एक बाई जुन्या पेट्या बदलून घेते असं त्यांनी कुठेतरी ऐकलं आणि बाजारच्या दिवशी ते एक पेटी खांद्यावर घेऊन दारात उभे राहिले. "बाई, नुसती दाखवायला आणली. द्यायची न्हाई," हे त्यांचं पहिलं वाक्य.

ती संदूकपेटी होती. वरून दाबली की आपल्याच खोक्यात घडी होऊन बसायची आणि कडी लावली की हातात धरून चालू लागावं अशी. आवाज इतका गोड की माझ्या अकराच्या अकरा त्यापुढे बेसूर वाटल्या. मी तेव्हाच म्हटलं, ही मला पाहिजे. भाऊंचं मात्र माझ्याकडे लक्षच नव्हतं. ते दिवाणावरच्या सहाकोनीकडे बघत होते. तिला हातात घेऊन त्यांनी भाता उघडला आणि लेकरासारखे हसले. "ही तर कंदीलपेटी हाय की!" दिवाळीतल्या घडीच्या कागदी कंदिलासारखी ती खरंच दिसत होती. त्या दिवसापासून माझ्याही तोंडी तेच नाव बसलं.

सौदा तिथेच ठरला असता. संदूकपेटी त्यांनी द्यायची, कंदीलपेटी मी. पण आमच्या भागात पेटी अशी उभ्या-उभ्या बदलत नाहीत. घेणारा ती आधी घरी नेतो, एखाद्या भजनाला लावून बघतो. नेऊ देताना मालक पेटीच्या समोरच्या खुंट्यांपैकी एक काढून आपल्याकडे ठेवतो. त्या खुंटीला 'खूण' म्हणतात. खुंटी नसली तरी पेटी वाजते, पण समोर भोक दिसत राहतं, आणि सगळ्यांना कळतं की ही पेटी अजून दुसऱ्याची आहे. सौदा झाला की मालक खूण देऊन टाकतो. नाही झाला तर पेटी परत येते आणि खूण आपल्या जागी बसते. तर भाऊ संदूकपेटी माझ्याकडे ठेवून, तिची खुंटी खिशात घालून कंदीलपेटी घेऊन गेले. मी पहिल्याच वेळी माझी खूण काढून घ्यायला विसरले. तिला खुंट्या नसतात, आणि खूण म्हणून गुंडी काढायची म्हणजे जाळीचे बारीक स्क्रू सोडवायचे, ते मला तेव्हा माहीतही नव्हतं.

पुढच्या बाजारी ते आले तेव्हा चेहऱ्यावर इतका आनंद होता की मी चहाला दूध जास्त घातलं.

"बाई, एक गुंडी दुरुस्त करून आणली. ही बघा, मधल्या सा ची. दाबलं की सा बोलायची, ओढलं की उतरायची. मी आतला सूर खरवडून बराबर केला. आता येता-जाता सा म्हणजे सा."

मधल्या दिवसांत मी ग्रुपवर विचारलं होतं, आणि मला उत्तर आलं होतं की ह्या जातीची कॉन्सर्टिना अशीच असते. दाबल्यावर एक सूर, ओढल्यावर दुसरा. बिघाड नव्हे, तिचा स्वभाव आहे.

"भाऊ, काय करून बसलात!"

"काहून? चांगली न्हाई झाली?"

"ती बिघडलेलीच नव्हती!"

त्यांनी गुंडीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "बाकीच्याबी तशाच बोलून राहिल्या होत्या. मला वाटलं, सगळीच बिघडली. आज एक केली, पुढच्या बाजारापर्यंत सगळ्या करणार होतो."

आता आठवलं की हसू येतं, तेव्हा आलं नाही. सूर म्हणजे आतली पितळेची पातळ पट्टी, ती एकदा खरवडली की गेलेलं पितळ परत येत नाही. मी संदूकपेटी त्यांच्या पुढ्यात ठेवली, म्हणजे सौदा मोडला. चहा त्यांनी तसाच ठेवला. दाराशी जाऊन म्हणाले, "येतो बाई." अशा वेळी 'या' म्हणायचं असतं. मी म्हटलं नाही. आतल्या खोलीत जाऊन भांडी घासत बसले, आणि घासलेलीच भांडी पुन्हा घासली.

तो आठवडा मला फार जड गेला. कंदीलपेटीचं वाईट वाटत होतं हे खरं, पण त्याहून वाईट हे वाटत होतं की कितीतरी वर्षांनी माझ्या घरात कुणीतरी पेटीचा आवाज गळ्यातून आहे की नाकातून यावर वाद घातला होता, आणि मी त्यालाच घालवून दिलं. बाजारच्या दिवशी मी उगाच अंगण दोनदा झाडलं. भाऊ आले. हातात गाठोडं, त्यात बोरं.

मी म्हटलं, "काहून आलात?"

"तुमी 'या' म्हणल्या न्हाई," ते म्हणाले, "पर मी 'येतो' म्हणलो होतो न."

मी साड्या पलंगावर टाकल्या आणि खुर्ची मोकळी करून दिली.

त्यानंतर कितीतरी बाजार झाले. मोबाईलवर बघून बघून मी जाळीचे स्क्रू सोडवायला शिकले. कंदीलपेटी तांड्यावर जायची तेव्हा मी तीच सा ची गुंडी काढून खूण म्हणून ठेवायची. ती अख्ख्या वाद्यात एकटीच अशी होती जी येताना आणि जाताना एकच बोलायची, त्यामुळे तिला हरवू देणं परवडणारं नव्हतं. संदूकपेटी माझ्याकडे यायची तेव्हा तिची एक खुंटी भाऊंच्या खिशात असायची. मग बाजार फिरला की दोन्ही वाद्यं आपापल्या घरी, पण खुणा पुन्हा बसवायच्या राहूनच जायच्या. आम्ही बसून तुलना करायचो. मी म्हणायची, कंदीलपेटीत दम कमी आहे. ते म्हणायचे, "दम हाय, तुमी गडबड करता." आठकोनीला ते 'सरकारी बाई' म्हणायचे, कारण ती कधी उलटून बोलायची नाही. चौकोनीला 'तंबाखू खाणारी'. मला फार बरं वाटायचं. घरात दुसऱ्या कुणाचा तरी खोकला, दुसऱ्या कुणाच्या चपला दाराशी. हे सुख किती लहान असतं आणि नसलं की घर किती मोठं होतं, हे एकटं राहणाऱ्यालाच कळतं.

सौदा मात्र होत नव्हता. मी दर वेळी संदूकपेटीत काहीतरी खोट काढायची. भाऊही काहीतरी काढायचे. कधी भाता चिरलाय, कधी एक सूर उशिरा बोलतो. शेजारच्या काकूंनी एकदा अंगणातूनच विचारलं, "ते तांड्यावरचे काका नेहमी काहून येतात हो?" मी म्हटलं, "पेटीचा सौदा चालू आहे." त्यांनी मान डोलावली. सौदा म्हटल्यावर कुणाचं काही म्हणणं नसतं. विधवा बाईच्या घरी परका पुरुष चहा प्यायला येऊ शकत नाही, सौद्याला येऊ शकतो. म्हणजे सौदा झाला की येण्याचं कारण संपलं. हे मला माहीत होतं, भाऊंनाही माहीत असावं. बोललो नाही कधी. बोलायला लागलो असतो तर तिथेच अवघडून गेलो असतो.

यंदा दिवाळीनंतर भाऊ आले ते बाजारचा दिवस नसताना. दाढी केलेली, अंगात नवा सदरा. हातात संदूकपेटी होती. खुर्चीवर न बसता दाराजवळ जमिनीवर बसले.

"लेकरानं पुण्यात खोली घेतली, बाई. म्हणतो, एकट्यानं तांड्यावर राहायचं न्हाई आता. गुडघे बी चालत न्हाईत. परवा येऊन राहिला गाडी घेऊन."

"बरंच झालं," मी म्हटलं. दुसरं काय म्हणायचं असतं?

"मंग म्हणलं सौदा करून टाकू. तिकडं ही संदूक ठिवायला जागा न्हाई. कंदील माह्या पिशवीत मावतो."

मी उठले. कंदीलपेटी जुन्या टॉवेलात गुंडाळून आणली. सा ची गुंडी टेबलावरच्या सुपारीच्या डबीत होती. मी डबीच्या शेजारी उभी होते. मी म्हटलं, "भाऊ, खूण कुठे ठेवली सापडत नाही."

भाऊंनी डबीकडे पाहिलं. कितीतरी वेळा त्यांनी त्या डबीतली सुपारी खाल्ली होती, आणि गुंडी तिथेच असते हे त्यांनी दर वेळी पाहिलं होतं. मग खिशात हात घातला आणि रिकामाच बाहेर काढला.

"माही खुंटी बी घरी राहिली वाटते," ते म्हणाले. "सौदा अर्धाच ऱ्हायला म्हणायचा."

"राहू दे."

"राहू द्या मंग."

आम्ही दोघं हसलो. ते चपला घालून अंगणात उतरले. कंदीलपेटीची पिशवी छातीशी धरलेली. "येतो बाई."

"या," मी म्हटलं. दोनदा म्हटलं, कारण पहिल्यांदा आवाज फुटला नाही.

पुण्याहून त्यांचा फोन सुरुवातीला यायचा. खोली तिसऱ्या मजल्यावर आहे, खाली उतरलं की वर चढवत नाही. कंदील वाजवतात का, विचारलं तर म्हणाले, "सा न्हाई म्हणून अडते. पर तिथं मी थांबतो आणि पुढं जातो." मग सून म्हणायची, झोपलेत. मग फोन येईनासा झाला, आणि मी केला तर कुणी उचलत नव्हतं. संदूकपेटी दिवाणावर होती. समोर तीन खुंट्या आणि एका खुंटीच्या जागी भोक. मी वाजवायची तेव्हा त्या भोकाकडे बघून बरं वाटायचं. वस्तू अजून दुसऱ्याची आहे म्हणजे कुणीतरी ती न्यायला येऊ शकतं.

गेल्या महिन्यात भाऊंचा पुतण्या आला. वारंगा फाट्यावर जीप चालवतो, तिशीचा गडी, लग्न झालेला. हिंगोलीला भाडं होतं म्हणाला. त्याने खिशातून कागदाची पुडी काढली आणि माझ्या हातावर ठेवली. उघडली तर संदूकपेटीची खुंटी.

"काकानं पुण्याहून पाठवली. म्हणले, बाईला दे आणि सांग, सौदा झाला."

"आणखी काही म्हणाले?"

"न्हाई. एवढंच."

"ते येणार आहेत का इकडे?"

"न्हाई येत आता ते. तांड्यावरच्या घराचे पत्रे बी काढले आम्ही, बहिणीच्या लग्नाच्या मांडवाला लागले. काका म्हणले काढा." मग तो गडबडीने म्हणाला, "बरे हायेत तसे. गोळ्या चालू हायेत."

मी खुंटी मुठीत धरून उभी राहिले. आपल्याकडे माणूस उंबऱ्यावर कधी 'जातो' म्हणत नाही. दवाखान्यात निघालेलाही 'येतो' म्हणतो. भाऊंना माझ्या तोंडावर 'जातो' म्हणता आलं नसतं, मला ऐकताही आलं नसतं. म्हणून त्यांनी ते ह्या पोराच्या हाती, खुंटीतून पाठवलं होतं. मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. मला न विचारता सौदा मिटवणारे हे कोण?

पुतण्या घोटाळला. टेबलावरची सुपारीची डबी उघडी होती. त्याने आत बोट दाखवलं. "ही गुंडी कंदीलपेटीची न? काका म्हणत होते एक गुंडी न्हाई म्हणून. द्या, मी पाठवून देतो पुण्याला."

"ती नाही," मी म्हटलं. "ती माझ्या स्वेटरची आहे."

त्याने पितळेच्या त्या गुंडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पाणी मागितलं. पाणी पिऊन म्हणाला, "निघतो मॅडम."

"थांब," मी म्हटलं. खुंटी पुन्हा त्याच कागदात बांधली आणि त्याच्या हातात दिली. "ही काकांना परत दे. म्हणावं, सौद्याला दोन माणसं लागतात. बाईंची खूण अजून सापडलेली नाही."